काय हवे ते सांगा, कसे ते नको

२०११ च्या शरद सत्रात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने संगणकशास्त्राचे तीन विषय साऱ्या जगासाठी फुकट खुले केले. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग यांना गर्दी होणार हे उघडच होते. तिसरा विषय होता डेटाबेस, म्हणजे बँकेची खाती, रेल्वेची आरक्षणे, पगारपत्रके ज्यांच्या आधाराने चालतात ते शास्त्र. तरीही नव्वद हजारांच्या आसपास लोकांनी त्यासाठी नावे नोंदवली आणि सुमारे साडेसहा हजारांनी अभ्यासक्रम शेवटपर्यंत पूर्ण केला. शिकवत होत्या जेनिफर विडम, तेव्हाच्या तिथल्या संगणकशास्त्र विभागप्रमुख. त्यांची पहिली पदवी ट्रम्पेटवादनातली. संगणकाकडे त्या नंतर वळल्या आणि कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडल्या.

त्या अभ्यासक्रमाच्या क्रमातच एक भूमिका आहे. बहुतेक विद्यापीठांत आधी सगळे सत्रभर तक्ते शिकवतात आणि वेबवरच्या मोकळ्याढाकळ्या माहितीला शेवटचा एखादा आठवडा मिळतो. विडम यांनी सुरुवातीलाच तक्त्यांच्या शेजारी एक्सएमएल आणि जेसन ही वेबवरच्या माहितीची रूपे आणून बसवली. माहिती आखीव असते तशी अनाखीवही असते, आणि दोन्हींना प्रश्न विचारता आले पाहिजेत, हे विद्यार्थ्याला पहिल्या काही तासांतच कळते. ही मांडणी मला फार योग्य वाटते, कारण या विषयाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे नेमका हाच प्रश्न आहे: माहितीचा आकार आधी ठरवायचा की नाही, आणि नाही ठरवला तर तिला काही विचारायचे कसे?

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात जमीन असलेल्या प्रत्येक घराला सातबारा माहीत आहे. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती आहे, बोजा कोणता आहे हे असते. गाव नमुना १२ मध्ये कोणत्या हंगामात कोणते पीक घेतले ते. याच गावदप्तरात ८अ हा आणखी एक नमुना असतो. त्यात एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. माहिती तीच, पण सातबारा ती गटाच्या बाजूने दाखवतो आणि ८अ माणसाच्या बाजूने. कागदाच्या काळात ही दोन दप्तरे वेगवेगळी लिहावी लागत आणि ती एकमेकांशी जुळती ठेवणे ही तलाठ्याची जबाबदारी होती. संगणकावर मूळ माहिती एकदाच साठवून तिची हवी तेवढी रूपे दाखवता यायला हवीत. आज ही गोष्ट साधी वाटते, पण १९६० च्या दशकात ती साधी नव्हती.

तेव्हाच्या संगणकांवर माहिती झाडासारखी किंवा जाळ्यासारखी रचलेली असे. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली अपोलो मोहिमेच्या कामातून जन्मली होती; तिच्यात प्रत्येक नोंद वरच्या नोंदीला लटकलेली असे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी रचलेल्या प्रणालीत एका नोंदीतून दुसरीकडे जाणारे दुवे असत आणि प्रोग्रामरने त्या दुव्यांवरून वाट काढत जायचे. १९७३ चे ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना बाकमन यांनी प्रोग्रामरला नाविक म्हटले ते याच अर्थाने. आता समजा, माहिती गाव, त्याखाली गट, त्याखाली खातेदार अशी रचली आहे. 'या गटाचा मालक कोण' याचे उत्तर झटकन मिळेल. 'या माणसाची जमीन कुठे कुठे आहे' असे विचारले, की सगळ्या गावांतले सगळे गट पालथे घालणारा वेगळा प्रोग्राम लिहावा लागेल. उद्या कोणी रचना बदलली तर दोन्ही प्रोग्राम मोडतील. माहिती आणि तिच्यापर्यंत जाण्याची वाट एकमेकींत इतकी गुंतलेली होती.

ही गाठ सोडवली ती एडगर कॉड यांनी. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात जन्मलेले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलात विमाने चालवलेले हे गणिती नंतर आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होते. जून १९७० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. म्हणणे असे की, माहिती वापरणाऱ्याला ती यंत्रात कशी मांडली आहे हे ठाऊक असण्याची गरजच पडू नये. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. एका तक्त्यातली ओळ दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीशी जोडायची तर गुप्त दुवा नको. दोन्हींत सामाईक मूल्य असले की पुरे. खातेदाराच्या तक्त्यात खाते क्रमांक, जमिनीच्या तक्त्यातही तोच खाते क्रमांक. मग ओळी निवडणे, रकाने निवडणे, दोन तक्ते जोडणे अशा मोजक्या क्रियांचे एक बीजगणित तयार होते. त्याचा मोठा गुण म्हणजे तक्त्यांवर क्रिया केली की उत्तरही तक्ताच येते, आणि त्या तक्त्यावर पुन्हा क्रिया करता येते. लहान प्रश्नांतून मोठा प्रश्न उभा करण्याची सोय इथेच झाली. ८अ साठी वेगळे दप्तर नको, तोच प्रश्न एकदा लिहून ठेवला की झाले. डेटाबेसच्या भाषेत याला व्ह्यू म्हणतात.

आयएमएस बाजारात चांगली रुळलेली असल्याने कॉड यांच्या कल्पनेला आयबीएममध्येच उत्साहाने दाद मिळाली नाही. १९७४ मध्ये अ‍ॅन आर्बर इथे कॉड आणि बाकमन यांची समोरासमोर चर्चा झाली, आणि त्याच परिषदेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुणांनी एका नव्या प्रश्नभाषेचा निबंध वाचला. कॉड यांची गणिती चिन्हे सामान्य माणसाला पेलणार नाहीत, म्हणून त्यांनी सोपे इंग्रजी शब्द घेतले: सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर. भाषेचे नाव सीक्वेल. पुढे ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे ते एसक्यूएल झाले. बॉइस त्याच वर्षी, ऐन तारुण्यात, गेले. त्यांचे नाव बॉइस-कॉड प्रमाणरूपात राहिले, त्याबद्दल पुढे.

एसक्यूएलमध्ये आपण असे म्हणतो: 'ज्या गटांत रब्बीला हरभरा आहे आणि ज्यांचे क्षेत्र दोन हेक्टरांहून कमी आहे, त्यांच्या खातेदारांची नावे द्या.' आधी हरभऱ्याचे गट वेगळे काढायचे की आधी लहान गट, कोणता तक्ता पहिल्यांदा उघडायचा, यातले काहीच आपण सांगत नाही. ते यंत्र ठरवते. आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये हे ठरवण्याची रीत मांडली: प्रत्येक अटीतून किती ओळी उरतील याचा अंदाज बांधायचा, वेगवेगळ्या मार्गांचा खर्च काढायचा आणि सर्वांत स्वस्त मार्ग घ्यायचा. आजचे डेटाबेसही मुळात याच वाटेने चालतात. वेग येतो तो इंडेक्समधून, म्हणजे नोंदी शोधण्याच्या सूचीतून. बी-ट्री नावाच्या रचनेत प्रत्येक पानावरून समजा दोनशे वाटा फुटतात. मग चार पायऱ्यांत २०० गुणिले २०० गुणिले २०० गुणिले २००, म्हणजे १६० कोटी नोंदींतली नेमकी एक हाती लागते. साऱ्या राज्यातले सातबारे त्यात सहज मावतील.

या भाषेची एक अडचण मात्र शिकवणाऱ्यालाच कळते. विडम यांच्या अभ्यासक्रमात चित्रपट आणि त्यांना दिलेली मते, शाळकरी मुले आणि त्यांच्या मैत्र्या अशा छोट्या तक्त्यांवर प्रश्न सोडवायचे असत. विद्यार्थ्याने एसक्यूएल लिहिले की यंत्र ते नमुन्याच्या माहितीवर चालवून उत्तर ताडून बघे. हजारो विद्यार्थ्यांचे कागद तपासायचे तर दुसरा इलाज नव्हता. पण बरोबर उत्तर देणारी क्वेरी, म्हणजे एसक्यूएलमध्ये लिहिलेला प्रश्न, बरोबर असेलच असे नाही. 'प्रत्येक खातेदाराच्या नावापुढे त्याने घेतलेल्या पिकांची संख्या लिहा' हा प्रश्न घ्या. साधा जॉईन, म्हणजे दोन तक्ते जोडण्याची क्रिया, वापरला तर ज्याने एकही पीक घेतले नाही तो खातेदार यादीतून गळतो. त्याच्यापुढे शून्य यायला हवे होते. नमुन्याच्या तक्त्यात प्रत्येकाने काही ना काही पेरलेले असेल, तर चुकीची क्वेरी बिनबोभाट पास होते.

या प्रश्नावर चांगले काम पवईला झाले. आयआयटी मुंबईतले एस. सुदर्शन हे 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' या जगभर शिकवल्या जाणाऱ्या ग्रंथाचे सहलेखक. अभियांत्रिकीची मुले या पुस्तकाला त्याच्या पहिल्या लेखकांपैकी एकाच्या नावाने नुसते 'कोर्थ' म्हणतात. सुदर्शन यांच्या गटाने एक्सडेटा नावाची प्रणाली बांधली. ती बरोबर क्वेरी घेते, तिच्यात माणूस करतो तशा छोट्या छोट्या चुका कल्पिते, आणि त्या चुका उघड्या पडतील अशी माहिती स्वतः घडवते. वरच्या उदाहरणात ती मुद्दाम एक बिनपेरणीचा खातेदार तयार करील. अध्यापनाच्या गरजेतून इतके अस्सल संशोधन निघालेले पाहून आनंद होतो. परीक्षेची माहिती कशी असावी, हा प्रश्न परीक्षेइतकाच खोल असू शकतो.

आता रचनेच्या सिद्धांताकडे वळू. विद्यार्थ्यांना तो कंटाळवाणा वाटतो आणि अनेक ठिकाणी तो उरकला जातो. माझ्या मते या विषयात त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. कोणी एकच मोठा तक्ता केला: गट क्रमांक, हंगाम, पीक, खाते क्रमांक, खातेदाराचे नाव, पत्ता. दिसायला सोयीचा. पण एका खातेदाराचे पाच गट असतील आणि प्रत्येकात दोन हंगाम, तर त्याचा पत्ता दहा ठिकाणी लिहिला जातो. तो पुण्याहून साताऱ्याला गेला आणि कारकुनाने नऊच ओळी दुरुस्त केल्या, तर तक्त्यानुसार तो आता दोन गावांत राहतो. त्याने सगळी जमीन विकली आणि त्याच्या ओळी काढल्या, तर त्याचा पत्ताही गेला. या दुखण्याचे मूळ नेमके सांगता येते: खाते क्रमांक कळला की पत्ता ठरतो, पण खाते क्रमांक ही या तक्त्याची ओळख नाही. बॉइस-कॉड प्रमाणरूपाची अट हीच, की तक्त्यात जे दुसऱ्या गोष्टी ठरवते ते त्या तक्त्याची पूर्ण ओळख असले पाहिजे. ती मोडत असेल तर तक्ता फोडा: खातेदार वेगळे, जमिनीची नोंद वेगळी, पीक वेगळे. फोडताना एकच दक्षता घ्यायची, पुन्हा जोडल्यावर मूळ तक्ता जसाच्या तसा मिळाला पाहिजे. एक ओळ कमी नाही आणि एक खोटी ओळ जास्तही नाही. कार्यालयांतल्या एक्सेलच्या फायली ज्यांनी वर्षानुवर्षे सांभाळल्या आहेत त्यांना हा सिद्धांत समजावून सांगावा लागत नाही, त्यांनी तो भोगलेला असतो.

ट्रान्झॅक्शन हा भाग स्वतंत्र पुस्तकाचा आहे, इथे त्याचा गाभाच सांगतो. जमिनीची विक्री नोंदवताना एक नाव कमी होते आणि दुसरे चढते. मध्येच वीज गेली तर जमीन कोणाचीच राहत नाही किंवा दोघांची होते. म्हणून दोन्ही बदल एकत्र घडले पाहिजेत, नाहीतर दोन्ही नाहीत. त्यासाठी डेटाबेस मूळ तक्त्याला हात लावण्याआधी काय बदलणार आहे ते एका वहीत लिहून काढतो. यंत्र बंद पडून पुन्हा चालू झाले की वही वाचून अर्धवट कामे पुरी करतो किंवा मागे फिरवतो. फेरफार नोंदवहीत आधी नोंद, मग नोटीस, मग मंजुरी आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर अंमल, हा महसूल खात्याचा रिवाज याच सावधपणातून आलेला आहे. या शास्त्राला जिम ग्रे यांनी शिस्त दिली आणि त्यासाठी त्यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. यंत्र कोसळल्यावर सावरण्याची एआरआयईएस ही सर्वमान्य रीत १९९२ मध्ये आयबीएममधून आली आणि तिचे प्रमुख शिल्पकार सी. मोहन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी.

इथवरची सगळी इमारत एका गोष्टीवर उभी आहे: रकाने आधी ठरलेले आहेत. कोणत्या रकान्यात काय येईल, हे सगळ्यांनी मान्य केले आहे. वेबने हा करारच मानला नाही. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये सर्नच्या प्रयोगशाळेत आपला प्रस्ताव दिला तेव्हा त्यांनी कोणालाही परवानगी न विचारता पान लिहिण्याची आणि दुसऱ्याच्या पानाला दुवा देण्याची मोकळीक दिली. वेब वाढले ते या मोकळिकीमुळे. एका पानावर पुस्तकाचा लेखक असतो, दुसऱ्यावर लेखकाबरोबर अनुवादक, तिसऱ्यावर तीन संपादक आणि किंमतच नाही.

१९९० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये विडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोर नावाचा प्रकल्प केला तो अशाच माहितीसाठी. त्यांची कल्पना अशी की आधी आखलेले रकाने नसतील तर प्रत्येक मूल्याने आपले नाव सोबत बाळगावे. कोणाला दोन लेखक असोत, कोणाला एकही नसो. प्रश्नभाषेने ते निभावून न्यावे. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल हे वेबचे मानक झाले आणि तेही नेमके याच स्वभावाचे निघाले: नावांच्या खुणांत गुंडाळलेली, एकात एक बसवलेली माहिती. लोरला एक्सएमएलकडे वळवणे मग फार अवघड गेले नाही.

एक्सएमएलला प्रश्न विचारण्यासाठी एक्सक्वेरी ही भाषा बनली. जानेवारी २००७ मध्ये ती मानक झाली. तिच्या जन्मात डोनाल्ड चेंबरलिन यांचा मोठा वाटा होता, त्यांच्या सहकार्याने २००० मध्ये रचलेल्या क्विल्ट या भाषेतूनच ती वाढली. तक्त्यांसाठी 'काय हवे ते सांगा' ही भाषा ज्याने घडवली, तोच माणूस पाव शतकानंतर अनाखीव माहितीसाठी तसलीच भाषा घडवायला बसला. मला वाटते, या क्षेत्रातल्या दुसऱ्या कोणाही एका माणसाच्या कामातून विषयाचा धागा इतका स्पष्ट दिसत नाही.

वेबच्या देवाणघेवाणीत मात्र एक्सएमएलची जागा जेसनने घेतली. डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेले हे रूप जावास्क्रिप्टमधूनच उचललेले आहे, म्हणून ब्राउझरला ते वाचायला वेगळे काही लागत नाही. नियम इतके थोडे की एका कार्डावर मावतात.

पण ज्या पानांवर असल्या खुणाही नाहीत त्यांचे काय? १९९८ मध्ये स्टॅनफर्डचे विद्यार्थी सर्गी ब्रिन यांनी यावर एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी फक्त पाच पुस्तके घेतली, लेखक आणि शीर्षक अशा पाच जोड्या. आपल्याजवळच्या सुमारे २.४ कोटी पानांच्या साठ्यात या जोड्या कुठे कुठे येतात ते शोधले. जिथे आल्या तिथे त्यांच्या आगेमागे कोणता मजकूर आहे, हे पाहून साचे काढले. मग त्या साच्यांत आणखी कोणत्या जोड्या बसतात ते शोधले, त्या नव्या जोड्यांवरून नवे साचे काढले, असे फेरे केले. शेवटी पंधरा हजारांहून अधिक पुस्तकांची यादी तयार झाली. हजारो लोकांनी आपापल्या मर्जीने लिहिलेल्या पानांतून दोन रकान्यांचा नीट तक्ता निघाला. त्याच वर्षी ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गूगल कंपनी काढली.

पुढच्या दशकात माहिती एका यंत्रात मावेना. गूगलने २००६ मध्ये बिगटेबल आणि अ‍ॅमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमो यांच्या रचना प्रसिद्ध केल्या. हजारो यंत्रांवर माहिती पसरायची तर जॉईन आणि मोठी ट्रान्झॅक्शने सोडून द्यावी, असा तो पवित्रा होता, आणि नो-एसक्यूएल हे नाव त्याला चिकटले. एसक्यूएलचे दिवस भरले असे पुष्कळांना तेव्हा वाटले. प्रत्यक्षात जॉईन सोडला की तो प्रत्येक प्रोग्रामरला स्वतःच्या हाताने लिहावा लागतो. बाकमन यांचा नाविक परत येतो. गूगलनेच २०१२ मध्ये स्पॅनर ही ट्रान्झॅक्शने पाळणारी जगभर पसरलेली प्रणाली मांडली आणि पुढे तिच्यावर एसक्यूएल आणले. इकडे पोस्टग्रेस या डेटाबेसने २०१४ मध्ये जेसन झपाट्याने शोधता येईल अशा रूपात तक्त्याच्या रकान्यात घेतले, आणि २०१६ च्या एसक्यूएल मानकात जेसन हाताळण्याची सोय आली. विडम यांनी सुरुवातीला शेजारी मांडलेल्या दोन गोष्टी अशा एकाच तक्त्यात नांदू लागल्या.

ज्याला एसक्यूएलही येत नाही आणि रकान्यांची नावेही माहीत नाहीत, त्याच्यासाठी २००२ मध्ये पवईच्याच गटाने बँक्स ही प्रणाली केली होती. तिच्यात फक्त दोन-तीन शब्द टाकायचे. डेटाबेसमधली प्रत्येक ओळ हा एक बिंदू, सामाईक मूल्यांनी होणारे जोड या रेषा, आणि तुमचे शब्द जिथे जिथे सापडतील त्या बिंदूंना जोडणारी आटोपशीर फांदी हे उत्तर. कॉड यांनी वाट दाखवण्याचे ओझे वापरणाऱ्यावरून काढले होते. इथे तक्त्याचे नाव सांगण्याचे ओझेही निघाले.

अशा अभ्यासक्रमाच्या अखेरीस करण्याजोगा एक प्रयोग म्हणजे विकिडेटा. ऑक्टोबर २०१२ पासून हा साठा लोकांनी मिळून वाढवला आहे. मराठी विकिपीडियातल्या लेखातून तोच विषय इतर भाषांत उघडून देणारे दुवे आता इथूनच येतात. त्यात तक्ते नाहीत. 'हा, याचा, तो' अशी तीन तुकड्यांची विधाने आहेत: अमुक व्यक्ती, जन्मस्थळ, पुणे. त्याला विचारण्याची भाषा स्पार्कल, २००८ चे मानक, आणि तीही काय हवे तेवढेच सांगणारी. मराठीत लिहिणाऱ्या ज्या लेखिकांवर इंग्रजी विकिपीडियात लेख आहे पण मराठीत नाही, त्यांची यादी ती काही क्षणांत देते.

ही यादी वाचताना मात्र तक्त्याची सवय बाजूला ठेवावी लागते. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही त्याची तिथे जमीन नाही, हे दप्तर पूर्ण मानून आपण ठामपणे म्हणतो. विकिडेटात एखाद्या लेखिकेपुढे 'भाषा: मराठी' असे नसेल, तर एवढाच अर्थ की ते विधान अजून कोणी लिहिलेले नाही. ती आपल्या यादीत येणारच नाही, आणि क्वेरीत कसलीही चूक नसेल. विद्यार्थ्याने अशी एक लेखिका शोधावी, तिच्या पानावर ते विधान पुराव्यासह जोडावे आणि काही वेळाने तीच क्वेरी पुन्हा चालवावी. यादी एका नावाने वाढते.